दिवसभर पडूनच असतो, मग रात्री झोप काहून येत नाही?

मानेच्या मणक्याला मार लागून हातपाय गेलेला माणूस घरात असला की हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. भेटायला आलेले पाहुणे विचारतात, शेजारचे काका विचारतात, आणि तीन रात्री नीट न झोपलेली बायकोही एखाद्या पहाटे वैतागून विचारते. अंगमेहनत झाली की झोप लागते, नाही झाली तर लागत नाही, असा आपला सगळ्यांचा हिशेब. त्यातून पुढचा निष्कर्ष निघतो, ‘टेन्शन घेतो, विचार करत बसतो.’ मग झोपेची गोळी.

टेन्शन असतंच, ते कोणी नाकारत नाही. पण मानेतली इजा नुसते हातपाय नेत नाही, झोपेची यंत्रणाही मोडते, आणि घरच्यांना हे फारसं कोणी समजावून सांगत नाही. डिस्चार्जच्या वेळी बेडसोरबद्दल, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांबद्दल सांगतात, कॅथेटरबद्दल, म्हणजे लघवीच्या नळीबद्दल सांगतात. रात्रीबद्दल कोण बोलतं?

## मानेतून नेमकं काय जातं

मानेत सात मणके असतात आणि त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो. मेंदू आणि शरीर यांच्यातले निरोप त्यातूनच ये-जा करतात. मानेच्या पातळीवर तो दुखावला तर दोन्ही हात, दोन्ही पाय आणि धड, सगळ्यांवर परिणाम होतो. यालाच क्वाड्रिप्लेजिया म्हणतात. कारणं आपल्या ओळखीची आहेत. दुचाकीचा अपघात, बांधकामावरून किंवा झाडावरून पडणं, उथळ पाण्यात सूर मारणं.

बघणाऱ्याला दिसतात ते न हलणारे हातपाय. पण त्याच मज्जारज्जूतून न दिसणारे हुकूमही जात असतात. हृदयाची गती, रक्तदाब, घाम, अंगाचं तापमान, लघवी. ही कामं आपण ठरवून करत नाही, ती आपोआप चालतात. झोप लागते तीही अशीच आपोआप, या कामांच्या आधारानं. इजा ‘पूर्ण’ असेल, म्हणजे खाली एकही निरोप पोचत नसेल, तर पुढचं बहुतेक सगळं लागू पडतं. ‘अपूर्ण’ इजेत कमी-जास्त.

## घड्याळ चालू, पण निरोप पोचत नाही

शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून ते वेळ जुळवतं. अंधार पडला की ते मेंदूतल्याच पिनियल नावाच्या छोट्या ग्रंथीला कळवतं आणि ती मेलाटोनिन सोडते. रात्र झाली, आता आवरतं घ्या, असं सगळ्या शरीराला सांगणारं हे रसायन.

घड्याळ आणि ग्रंथी दोन्ही डोक्यातच, काही सेंटीमीटरच्या अंतरावर. तरी दोघांमधली तार सरळ जात नाही. ती मानेतल्या मज्जारज्जूतून छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरते, तिथून बाहेर पडून पुन्हा मानेतून वर चढते आणि मग ग्रंथीपाशी पोचते. नागपुरात सीताबर्डीहून शेजारच्या धरमपेठेत जायला पार वर्धा रोडवरच्या बुटीबोरीमार्गे जावं, तसं. आता वर्धा रोड मध्येच खचला तर? सीताबर्डी जागेवर, धरमपेठ जागेवर, दोन्हीकडे काहीही बिघाड नाही, पण पत्र काही पोचत नाही. मानेतली इजा पूर्ण असलेल्या माणसात रात्री मेलाटोनिन वाढायला हवं ते वाढत नाही, त्याचं कारण हे.

कमरेच्या मणक्याला मार लागलेल्या माणसात हा रस्ता शाबूत असतो, कारण तार त्याच्या बरीच वरून वळते. म्हणून ‘तो अमुक पण व्हीलचेअरवरच आहे, तो तर छान झोपतो’ ही तुलना चुकीची आणि त्रासदायकही.

यातली आशेची बाजू अशी की घड्याळ स्वतः चालू असतं आणि त्याला उजेड दिसतो. त्यामुळे वेळेच्या बाकीच्या खुणा ठळक करणं आपल्या हातात आहे. सकाळी आठच्या आत अर्धा तास तरी अंगणात, गच्चीत किंवा उघड्या खिडकीपाशी बसवायचं. जेवणाच्या वेळा पक्क्या. दुपारची डुलकी अर्ध्या तासावर जाऊ द्यायची नाही. आणि शक्य तितका दिवस पलंगाबाहेर, खुर्चीत. चोवीस तास त्याच खोलीत, त्याच पलंगावर, त्याच ट्यूबलाइटखाली पडलेल्या माणसाला दिवस कुठे संपला ते कळणार कसं?

मेलाटोनिनची गोळीही मिळते. छोट्या चाचण्यांमध्ये काही क्वाड्रिप्लेजिक रुग्णांना तिचा फायदा दिसला आहे. पण मात्रा आणि वेळ डॉक्टरांनी ठरवायची. आधीच चालू असलेल्या गोळ्यांची यादी बरीच मोठी असते.

## नवतप्यात आणि पौषात

झोप लागताना अंगाचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. त्यासाठी शरीर हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर सोडतं, घाम आणतं. मानेखाली हे हुकूम जात नाहीत. घाम येत नाही, थंडीत कुडकुडताही येत नाही. खोलीचं तापमान जसं, तसं अंग.

नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना आणि रात्री अकरालाही भिंती आग ओकत असताना, हे फार महागात पडतं. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं, कारण अंगावरचा घाम वाळतो आणि वाळताना उष्णता घेऊन जातो. ज्याला घामच नाही त्याच्यावर पंख्यानं नुसती गरम हवा फिरते. म्हणून पाणी बाहेरून द्यायचं. ओल्या पंच्यानं चेहरा, मान, हात, छाती पुसायची आणि मग पंखा. पाठीखालची चादर मात्र कोरडी राहिली पाहिजे. ओलसर चादर म्हणजे बेडसोरला आमंत्रण.

कूलर कसा लावायचा हे नागपूरकराला शिकवायची गरज नाही. एवढंच सांगतो की हवेत दमटपणा वाढला की कूलरचा उपयोग संपतो. आपल्याला ते चिकचिक झाल्यावर कळतं, त्याला कळत नाही. थर्मामीटर उशाशी ठेवा. अंग तापलं आणि दुसरं काही लक्षण नसलं तर आधी खोली थंड करा, पण तापाचा संशयही सोडू नका. या माणसांना लघवीचा संसर्ग वारंवार होतो.

हिवाळ्यात उलटं. गरम पाण्याची पिशवी, शेगडी, हीटर पायाशी ठेवायचे नाहीत. भाजलेलं कळत नाही, आणि सकाळी पायमोजा काढल्यावर फोड दिसतो.

## ‘घोरतो म्हणजे गाढ झोपलाय ना?’

नाही. बऱ्याचदा उलट असतं.

झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास काही सेकंद थांबणं, मग धडपडून पुन्हा सुरू होणं, याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मानेच्या इजेनंतर हा विकार सर्वसामान्य लोकांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो. बऱ्याच अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्णांत तो दिसला आहे. फासळ्यांचे आणि पोटाचे स्नायू गेलेले असतात, श्वासाचा भार बहुतेक एकट्या श्वासपटलावर असतो. त्यात घसा मिटला की माणूस रात्रीत शेकडो वेळा अर्धवट जागा होतो. त्याला स्वतःला ते आठवत नाही. आठवतं ते दचकून उठणं, गुदमरल्यासारखं वाटणं, सकाळचं जड डोकं आणि दिवसभराची पेंग. घरच्यांना वाटतं, याला रात्रीची भीती बसली आहे.

उशा रचून अर्धवट बसवून झोपवणं हा घरगुती उपाय इथे फसतो. मानेच्या इजेत पुष्कळांना सपाट झोपल्यावर श्वास उलट सोपा जातो. शिवाय तिरकं बसवलेलं अंग खाली घसरतं आणि माकडहाडाशी कातडी घासते. कुशीवर झोपवणं मात्र घोरण्याला बरं.

खात्री करण्यासाठी झोपेची तपासणी लागते. उपाय म्हणजे दाबानं हवा देणारं सीपॅप यंत्र आणि मास्क. एक गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. ज्याला स्वतःच्या हातानं मास्क काढता येत नाही त्याला तोंड आणि नाक दोन्ही झाकणारा मास्क धोक्याचा. उलटी झाली तर? नुसता नाकावरचा मास्क मिळतो, तो मागा. आणि पहिले काही दिवस दिवसाउजेडी, जागेपणी, दहा-दहा मिनिटं लावून सवय करा. एकदम रात्री बांधला तर माणूस घाबरणारच.

## मग झोपेची गोळी का नको?

कारण वरचाच परिच्छेद. झोपेच्या आणि चिंतेच्या पुष्कळ गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या, घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि श्वासाचा जोर कमी करतात. नसांच्या जळजळीसाठी चालू असलेलं प्रीगाबालिन, पाय उडतात म्हणून चालू असलेलं बॅक्लोफेन, यांनीही गुंगी येते. त्यावर शेजाऱ्याच्या डब्यातली आणखी एक गोळी टाकायची म्हणजे जुगार. दारूचंही तेच.

पण हे वाचून कोणी चालू गोळी एकदम बंद करू नये. विशेषतः बॅक्लोफेन. ते अचानक थांबवलं तर भास होतात, झटके येतात, जिवावर बेततं. आठवड्याच्या गोळ्या संपत आल्या की दोन दिवस आधीच मेडिकल स्टोअरला जा.

## रात्री जीव घाबरा झाला, तर आधी शरीर तपासा

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर ही सांगितली असती.

आपण घाबरलो की मेंदू मज्जारज्जूतून हुकूम सोडतो आणि छाती धडधडते, घाम फुटतो. मानेत पूर्ण इजा असेल तर हे हुकूम बरेचसे पोचतच नाहीत. म्हणून अशा माणसाचं कपाळ रात्री घामानं डबडबलं, चेहरा लाल झाला, डोकं ठणकायला लागलं, नाक चोंदलं, अंगावर काटा आला आणि ‘काहीतरी वाईट होणार’ असं वाटायला लागलं, तर ते टेन्शन आहे असं समजून ‘रामाचं नाव घे आणि झोप’ म्हणू नका. हा बहुधा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया आहे. याला आपण इथे रक्तदाबाचा भडका म्हणू.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल तर हा भडका उडू शकतो. खाली कुठेतरी त्रास असतो. सर्वांत जास्त वेळा ते भरलेलं मूत्राशय असतं. नाहीतर नळीला पडलेली घडी, तुंबलेली शौच, घट्ट नाडी, चादरीची चुणी, बोटात रुतलेलं नख. त्रासाची खबर वर मेंदूपर्यंत पोचत नाही, पण खालच्या रक्तवाहिन्या आपल्याआपण आवळतात आणि रक्तदाब चढत जातो. वेळीच उतरला नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

काय करायचं ते घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. लगेच बसवा, पाय खाली सोडा. कपडे, पट्टे, मोजे सैल करा. लघवीची नळी वरपासून खालपर्यंत बघा, पिशवी रिकामी करा. नळी नसेल तर कॅथेटर घालून लघवी काढा. नळी तुंबली असेल तर बदलावी लागेल. मग शौच, मग कातडी. दर पाच मिनिटांनी रक्तदाब मोजत राहा. काही मिनिटांत उतरला नाही किंवा कारणच सापडलं नाही तर १०८ ला फोन.

इथे एक गोम आहे. मानेची इजा असलेल्या माणसाचा रोजचा वरचा रक्तदाब बहुधा ९० ते ११० असतो. त्याचा १४० झाला तर कॅज्युअल्टीतला थकलेला तरुण डॉक्टर म्हणेल, ‘ठीकच आहे की.’ त्याच्यासाठी ठीक, याच्यासाठी नाही. नेहमीपेक्षा २० नं जरी वाढला आणि लक्षणं असली तरी ती तातडीच आहे. म्हणून एका कार्डावर रोजचा रक्तदाब, इजेची पातळी आणि ‘ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा धोका’ असं लिहून ते फाइलला टाचून ठेवा.

रात्री लघवी जास्त होते हेही लक्षात घ्या. दिवसभर खुर्चीत बसून पायांत साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते गाळून काढतात. संध्याकाळी तासभर पाय वर करून ठेवले तर ते काम झोपेच्या आधीच उरकतं. पाणी दिवसा भरपूर द्या, रात्रीच्या जेवणानंतर बेतानं. उन्हाळ्यात मात्र तहानलेलं ठेवू नका.

## आणि खरी भीती?

शरीर तपासलं, सगळं ठीक आहे, तरी माणूस जागाच आहे. मग त्याला कशाची भीती वाटते? त्यानं सांगितलं तर ऐकून घ्या, कारण बहुतेक वेळा ती अगदी साधी आणि रास्त असते. कफ अडकला आणि खोकता आलं नाही तर? लाइट गेली आणि एअर बेड बसला तर? डास नाकावर बसला तर? हाक मारली आणि आतल्या खोलीत ऐकूच गेली नाही तर? मानेच्या इजेत आवाजही लहान होतो, कारण फुंकरीत दम नसतो. दरवाजा लोटलेला, कूलर घरघरतोय आणि आई गाढ झोपलेली. त्यात ‘उगाच कशाला उठवू, दिवसभर राबते’ हा संकोच.

‘काळजी करू नकोस’ म्हटल्यानं ही भीती जात नाही. जाते ती हाक पोचण्याची खात्री झाल्यावर. सीताबर्डीच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात बिनतारी दारघंटी मिळते. तिचं बटण गालापाशी असं बांधा की मान वळवली की दाबलं जाईल. मान वळत नसेल तर फोनचा आवाजी सहायक, ‘आईला फोन लाव’ म्हटलं की लावणारा. बाळाच्या खोलीत ठेवतात तो मॉनिटरही चालतो. आणि रोज झोपण्यापूर्वी एकदा वाजवून बघायचं, त्याच्या समोर. जो उपाय चालतो हे स्वतः पाहिलंय, त्याच्यावरच विश्वास बसतो.

बाकीच्या भीतींनाही अशीच उत्तरं. कफासाठी, पोटावर दाब देऊन खोकला काढायला मदत कशी करायची ते फिजिओथेरपिस्टकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्यावं. एअर बेडचा पंप इन्व्हर्टरवर. डासांसाठी मच्छरदाणी.

## ‘बिछान्यातून उठून बसा’ हा सल्ला इथे कसा चालणार?

चालत नाही. झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत जा, हातपाय ताणून सैल सोडा, कोमट पाण्यानं अंघोळ करा. निद्रानाशावरचे नेहमीचे सल्ले चालत्याफिरत्या माणसासाठी लिहिलेले असतात आणि ते क्वाड्रिप्लेजिक माणसाला वाचून दाखवणं म्हणजे थट्टाच.

पण त्यामागचं तत्त्व वापरता येतं. जागं पडून छताकडे बघत घड्याळाचे काटे मोजायचे नाहीत. पंधरा-वीस मिनिटं झाली की पलंग तोच ठेवून प्रसंग बदलायचा. डोक्याकडचा भाग थोडा वर, मंद दिवा, आधी ऐकलेलं कीर्तन किंवा श्राव्य पुस्तक. डोळे मिटायला लागले की बंद. सैल सोडायला कपाळ, जबडा, जीभ, खांदे उरलेले असतात, ते सोडायचे. श्वास नाकानं आत, ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर. आणि उद्याच्या चिंता, दवाखान्याची तारीख, पैसे, मुलांची फी, यांना संध्याकाळी सहा वाजता वेळ द्यायची. कोणीतरी वहीत लिहून घ्यायचं. रात्री दोनला त्यावर काही करता येत नाही.

## जो उठून कूस बदलतो, त्याचं काय

दर दोन तासांनी कूस बदला, असं दवाखान्यात सांगतात. घरी एकटीनं ते वर्षानुवर्षं करणं शक्य नसतं, आणि त्या अपराधी भावनेत दोघंही जागे राहतात. चांगली गादी असेल, कातडी निरोगी असेल तर डॉक्टरांना विचारून हे अंतर हळूहळू वाढवता येतं. दर टप्प्याला सकाळी टाचा, नितंब, माकडहाड नीट बघायचं. दाबूनही न जाणारी लाली दिसली की मागे यायचं. पाठीमागे उशी देऊन अंग थोडंसंच कलतं ठेवलं तर हाडावर भार कमी येतो. आठवड्यातून एक-दोन रात्री दुसऱ्या कोणी, भावानं, दिरानं, पैसे देऊन ठेवलेल्या माणसानं उठावं. याला मी चैन मानत नाही.

झोप न लागण्याबरोबर जगण्यातलं मनच उडालं असेल, ‘संपलं तर बरं’ असं बोलणं येत असेल, तर ते झोपेचं दुखणं राहिलेलं नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलते. फोन काळजी घेणाऱ्यानंही करायला हरकत नाही.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत, मिहानच्या एम्सला किंवा खाजगीत जाल तेव्हा ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलंत तर गोळी मिळेल. त्याऐवजी दोन आठवड्यांची वही न्या. कधी झोपला, कधी उठला, का उठला, तेव्हा रक्तदाब किती, पिशवीत लघवी किती. आणि पहाटे तीनच्या सुमारास तो घोरत असताना फोनवर पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा, कूलर बंद करून. श्वास थांबलेला त्यात ऐकू यायला हवा.